फोर्डला ‘नाही’ म्हणणारी माणसे

आठवड्याला सत्तर तास काम करावे की नव्वद, हा वाद गेली काही वर्षे आपल्याकडे अधूनमधून पेटतो, आणि तो पेटला की डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड यांचे नाव त्यात हमखास ओढले जाते. एक बाजू सांगते की फोर्ड यांनी १९१४ मध्ये कोणी न मागता कामगारांची मजुरी दुप्पट केली, १९२६ मध्ये शनिवारची सुट्टी दिली, तेव्हा कामगारांच्या भल्याचा निर्णय मालकाच्या शहाणपणावर सोडावा. कायदे आणि संघटना यांची त्यात लुडबुड नको. दुसरी बाजू सांगते की फोर्ड हे ज्यूद्वेष्टे होते, १९३८ मध्ये त्यांनी नाझी सरकारचे पदक स्वीकारले, त्यांच्या कंपनीने पुढे ‘पिंटो’सारखी जीवघेणी गाडी विकली, तेव्हा त्या नावाचा दाखलाच नको. दोन्ही बाजूंनी सांगितलेल्या घटना बहुतांशी खऱ्या आहेत. तरीही हा वाद मला फार वाईट रीतीने घातलेला वाद वाटतो, कारण दोघांनीही एकशे वीस वर्षांच्या एका कंपनीचा इतिहास एका माणसाच्या स्वभावाचा दाखला म्हणून वाचला आहे. माझे म्हणणे वेगळे आहे. फोर्ड या नावाला जी प्रतिष्ठा मिळाली ती मालकाला ‘नाही’ म्हणू शकणारी माणसे जेव्हा जेव्हा बळकट होती तेव्हा मिळाली, आणि तशी माणसे जेव्हा हाकलली गेली, विकत घेतली गेली किंवा मारहाण करून गप्प केली गेली तेव्हा ती प्रतिष्ठा खचली. या इतिहासातून कामाच्या तासांच्या वादासाठी काही घ्यायचे असेल तर ते हे आहे.

पाच डॉलरच्या गोष्टीपासूनच सुरुवात करू. व्यवस्थापनावरच्या व्याख्यानांत ती अशी सांगितली जाते: आपल्या कामगाराला आपली मोटार विकत घेता यावी म्हणून फोर्ड यांनी रोजची मजुरी सुमारे २.३४ डॉलरवरून ५ डॉलर केली. हा हिशेब साधी वजाबाकीही सहन करत नाही. त्या वेळी कंपनीत सुमारे चौदा हजार कामगार होते आणि वर्षाकाठी तयार होणाऱ्या मॉडेल टी गाड्या दोन लाखांच्या घरात होत्या. सगळ्या कामगारांनी दरवर्षी एकेक नवी गाडी घेतली असती तरी उत्पादनाचा दहावा हिस्सासुद्धा खपला नसता. मग मजुरी वाढली कशामुळे? ऑक्टोबर १९१३ मध्ये हायलँड पार्कच्या कारखान्यात गाडीचा सांगाडा सरकत्या साखळीवर जोडण्याचे काम सुरू झाले. आधी एका सांगाड्याच्या जुळणीला साडेबारा तास लागत. काही महिन्यांत तेच काम सुमारे दीड तासावर आले. पण ज्या कुशल कारागिराने आजवर अख्खी जुळणी केली होती, त्याला आता दिवसभर एकच नट आवळत उभे राहावे लागले. ते काम माणसांना असह्य झाले आणि ती निघून जाऊ लागली. १९१३ मध्ये नोकरी सोडणाऱ्यांचे प्रमाण ३७० टक्क्यांवर गेले. चौदा हजार जागा भरलेल्या ठेवण्यासाठी वर्षभरात बावन्न हजारांहून अधिक माणसे भरती करावी लागली. त्याच काळात डेट्रॉइटमध्ये संघटना बांधणारे कार्यकर्तेही कारखान्यांच्या फाटकांवर भाषणे देत होते. म्हणजे ५ जानेवारी १९१४ ची घोषणा होण्याआधी हजारो अनाम माणसांनी पायांनी मतदान केले होते. ती माणसे निमूटपणे साखळीपाशी उभी राहिली असती, तर पाच डॉलर आले असते का?

शिवाय ते पाच डॉलर सरसकट मजुरी नव्हते. त्यातला जवळजवळ निम्मा भाग नफ्यातला वाटा होता आणि तो अटींवर मिळे. कंपनीच्या ‘सोशिऑलॉजिकल डिपार्टमेंट’चे तपासनीस कामगारांच्या घरी जात. घर स्वच्छ आहे का, माणूस दारू पितो का, बँकेत शिल्लक किती, घरात भाडोत्री किती, याच्या नोंदी होत, आणि त्यांवर तो वाटा ठरे. सुरुवातीला स्त्री कामगारांना त्यातून वगळले होते. घोषणेनंतर कडाक्याच्या थंडीत हजारो बेरोजगार फाटकापाशी जमले, आणि त्या गर्दीवर १२ जानेवारीला पाण्याचे फवारे सोडण्यात आले. हे मी फोर्ड यांना लहान करण्यासाठी सांगत नाही. मजुरीवाढ आणि तपासनीस ही एकाच मनाची दोन कामे होती, आणि त्यांपैकी एकच सांगणे हा इतिहास नव्हे.

आता समोरच्या बाजूचे जे मान्य करायला हवे ते मी मोकळेपणाने मान्य करतो. नोकरी सोडून जाणाऱ्या कामगारांचा त्रास डेट्रॉइटच्या इतर कारखानदारांनाही होता; मजुरी दुप्पट करण्याचे धाडस फक्त फोर्ड कंपनीने केले. त्याच दिवशी कामाचे तास नऊवरून आठ झाले. इतर कारखाने ज्यांना दारात उभे करत नव्हते अशा कृष्णवर्णीय आणि अपंग कामगारांना फोर्डने मोठ्या संख्येने काम दिले, जरी कृष्णवर्णीयांच्या वाट्याला बहुधा ओतशाळेतले सर्वांत जड आणि तापदायक काम आले तरी. १९०८ मध्ये ८५० डॉलरला आलेली मॉडेल टी १९२५ पर्यंत २६० डॉलरवर आली, आणि शहरापासून दूर राहणाऱ्या शेतकरी कुटुंबाच्या हाती डॉक्टर, बाजार आणि शाळा आली. ही किंमत खाली आणण्याचा ध्यास कोणत्याही संघटनेने किंवा न्यायालयाने लावलेला नव्हता. तो त्या माणसाचा स्वतःचा होता. पण त्या वेळची कंपनी आतून कशी होती हेही पाहावे लागते. जेम्स कझन्स हा हिशेब सांभाळणारा भागीदार मालकाशी उघड भांडत असे, आणि पाच डॉलरच्या आकड्यामागे त्याचा मोठा वाटा होता, असे बहुतेक अभ्यासक मानतात. असेम्ब्ली लाइन, म्हणजे ती सरकती साखळी, हीसुद्धा एका डोक्यातून निघालेली कल्पना नव्हती. सोरेनसन, एव्हरी, क्लॅन अशा अनेकांनी प्रयोग करत, चुकत, वाद घालत ती उभी केली. विरोध ऐकून घेणारी ती कंपनी होती. कझन्स १९१५ मध्ये मतभेद होऊन बाहेर पडला.

शनिवारच्या सुट्टीबद्दलही थोडे सांगायला हवे, कारण आपल्या वादात तिचाच दाखला सर्वाधिक दिला जातो. १९२६ मध्ये फोर्डने पाच दिवसांचा आठवडा लागू केला हे खरे आहे आणि त्या आकाराच्या कंपनीसाठी ते मोठे पाऊल होते. पण आठ तासांच्या दिवसासाठी अमेरिकेतले कामगार त्याच्या चाळीस वर्षे आधी, १८८६ मध्ये, लाखोंच्या संख्येने रस्त्यावर उतरले होते. शिकागोत त्यासाठी रक्त सांडले होते. मागणी इतकी जुनी झाल्यावर ती मान्य करणाऱ्याला आपण तिचा जनक म्हणावे का? मराठी वाचकाला हा प्रश्न नवा नाही. मुंबईच्या गिरण्यांत साप्ताहिक सुट्टी आली ती १८९० मध्ये, आणि ती जाहीर केली गिरणीमालकांच्या संघटनेने. तरी आपण रविवारचे श्रेय त्या मालकांना देत नाही. १८८४ पासून सभा भरवून, हजारो सह्यांचे अर्ज करून ती मागणी लावून धरणाऱ्या नारायण मेघाजी लोखंडे यांना आपण ते देतो, आणि योग्यच करतो. स्वतःच्या इतिहासात जो न्याय आपण पाळतो तो डेट्रॉइटच्या बाबतीत का विसरावा?

माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत कठीण आक्षेप १९१९ सालच्या एका खटल्यातून येतो. डॉज बंधू हे फोर्ड कंपनीचे भागधारक होते. नफा साठवून कारखाना वाढवायचा, गाडीची किंमत आणखी उतरवायची, अधिक लोकांना काम द्यायचे, असे फोर्ड म्हणत होते. डॉज बंधूंना लाभांश हवा होता. मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की धंदा प्रामुख्याने भागधारकांच्या नफ्यासाठी असतो, आणि १ कोटी ९० लाख डॉलरहून अधिक रक्कम वाटायला लावली. इथे ‘नाही’ म्हणणारा स्वार्थी होता आणि मालकाची इच्छा लोकहिताची होती, असे कोणी म्हटले तर मी ते सहज खोडून काढू शकत नाही. मालकाला अडवणारा प्रत्येक जण सज्जन असतो असा माझा दावाच नाही. पण त्या निकालानंतर फोर्ड यांनी काय केले ते पाहा. त्याच वर्षी त्यांनी सगळ्या बाहेरच्या भागधारकांचे हिस्से विकत घेतले आणि जगातली एक प्रचंड मोठी कंपनी एका कुटुंबाच्या, प्रत्यक्षात एका माणसाच्या, मुठीत आली. अडवणूक संपली. पुढची पंचवीस वर्षे हा त्या अडवणुकीशिवायच्या कारभाराचा काळ आहे, आणि मालकाच्या शहाणपणावर सगळे सोडा असे म्हणणाऱ्यांनी तो बारकाईने वाचावा असे मला मनापासून वाटते.

उत्पादनाची घडी बसवणारे विल्यम नूडसन १९२१ मध्ये कंपनी सोडून गेले आणि जनरल मोटर्समध्ये शेव्हरोलेचे प्रमुख झाले. ग्राहकांना आता रंग, आराम आणि दरवर्षी काही नवे हवे होते. मॉडेल टी तशीच राहिली. जानेवारी १९२६ मध्ये अर्नेस्ट कँझलर या अधिकाऱ्याने, जो मालकपुत्र एडसेलचा जवळचा नातलग होता, नवी गाडी काढणे भाग आहे असे सविस्तर टिपण लिहिले. काही महिन्यांत त्याची नोकरी गेली. मे १९२७ मध्ये दीड कोटी गाड्यांनंतर मॉडेल टी बंद करावीच लागली, आणि बदली गाडी तयारच नसल्याने कारखाना सुमारे सहा महिने थंड पडला. त्या वर्षी शेव्हरोलेने फोर्डला मागे टाकले, तेही नूडसन यांच्या हाताखाली. टिपण वाचून लिहिणाऱ्याला घरी बसवणाऱ्या मालकाला अखेर ग्राहकाचा नकार ऐकावा लागला, फक्त तो फार महाग पडला. त्याची किंमत काम बंद असताना घरी बसलेल्या हजारो कामगारांनीही मोजली.

ज्यूद्वेषाचा विषय निघाला की फोर्डचे चाहते म्हणतात की ती एका म्हाताऱ्याची खाजगी विकृती होती, गाडीच्या नावाशी तिचा काय संबंध? हा बचाव टिकत नाही. ‘डिअरबॉर्न इंडिपेंडंट’ हे साप्ताहिक फोर्ड यांच्या मालकीचे होते, मे १९२० पासून त्यात ज्यूंविरुद्धची लेखमाला सुरू झाली, आणि त्याच्या वर्गण्या गोळा करण्याचे काम देशभरच्या फोर्ड विक्रेत्यांवर लादले गेले होते. जिथे गाडी विकली जात होती त्याच गल्ल्यावर द्वेष विकला जात होता. ते लेखन पुस्तकरूपाने जर्मनीत पोहोचले आणि तिथे त्याने किती विष कालवले हे जगाने पाहिले. ते थांबले कसे? शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था उभारणारे वकील ॲरन सपायरो यांनी बदनामीचा दावा लावला, ज्यू ग्राहकांनी गाड्यांवर बहिष्कार घातला, आणि जुलै १९२७ मध्ये फोर्ड यांच्या सहीने माफीपत्र निघाले. त्याचा मजकूरसुद्धा लुई मार्शल या ज्यू नेत्याने लिहिला होता. वर्षअखेर साप्ताहिक बंद झाले. अंतःकरण बदलले असते तर अकरा वर्षांनी, पंच्याहत्तराव्या वाढदिवसाला, ते जर्मन पदक छातीवर आले नसते. माणूस बदलला नव्हता; त्याच्या कंपनीला मात्र कोणीतरी थांबवले होते.

आणि कामगारांचे काय झाले? ज्या कंपनीने पाच डॉलर दिले त्याच कंपनीत हॅरी बेनेट नावाच्या माणसाच्या हाताखाली पहारेकऱ्यांचे आणि खबऱ्यांचे दल उभे राहिले. ७ मार्च १९३२ रोजी, मंदीच्या ऐन भरात, डेट्रॉइटमधून हजारो बेरोजगार काम आणि मदत मागत डिअरबॉर्नमधल्या रूज कारखान्याकडे चालत गेले. पोलिसांनी आणि कंपनीच्या पहारेकऱ्यांनी गोळ्या झाडल्या. चौघे तिथेच मेले, पाचवा पुढे जखमांनी गेला. २६ मे १९३७ रोजी मोटार कामगारांच्या संघटनेचा नेता वॉल्टर रूथर आणि त्याचे सहकारी कारखान्याच्या पुलावर पत्रके वाटायला उभे असताना बेनेटच्या माणसांनी त्यांना बेदम मारले. छायाचित्रकारांच्या काचाही, म्हणजे ज्यांवर छायाचित्रे टिपली जात त्या काचेच्या पट्ट्याही, हिसकावण्यात आल्या, पण एकाने आपल्या काचा लपवल्या आणि देशाने ती रक्ताळलेली तोंडे वर्तमानपत्रांत पाहिली. जनरल मोटर्स आणि क्रायस्लरने त्याच वर्षी संघटनेला मान्यता दिली होती. फोर्डने ती १९४१ पर्यंत अडवून धरली. एप्रिलमध्ये संप झाला, मेमध्ये कामगारांनी मतदान केले, आणि जूनमध्ये झालेला करार इतर दोन कंपन्यांच्या करारांपेक्षाही कामगारांना अधिक देणारा निघाला. पुढच्या पिढ्यांनी ‘फोर्डची नोकरी’ म्हणून जी ओळखली, ज्या नोकरीवर डेट्रॉइटच्या कितीतरी कुटुंबांनी घरे बांधली, मुले महाविद्यालयात पाठवली, ती नोकरी या कराराने घडवली. पाच डॉलरच्या गोष्टीत रूथरचे नाव कधी का येत नाही?

कंपनी वाचली तीसुद्धा एका नकारामुळे, आणि तो नकार घरातून आला. १९४३ मध्ये एडसेल फोर्ड एकोणपन्नासाव्या वर्षी वारला. बापाने पुन्हा अध्यक्षपद घेतले आणि प्रत्यक्ष सत्ता बेनेटकडे सरकू लागली. हिशेबाचा पत्ता नव्हता, तोटा वाढत होता. एडसेलची विधवा एलिनॉर हिने सासऱ्याला बजावले की अध्यक्षपद माझ्या मुलाकडे दिले नाही तर मी माझे हिस्से विकून टाकीन. सासू क्लारा तिच्या बाजूने उभी राहिली. सप्टेंबर १९४५ मध्ये अठ्ठावीस वर्षांचा दुसरा हेन्री अध्यक्ष झाला आणि त्याने आल्या आल्या बेनेटला काढले. या दोन स्त्रियांचा उल्लेख मोटारींच्या इतिहासात ओझरता येतो, याची मला खंत वाटते.

टीकाकारांच्या आवडत्या उदाहरणातही, म्हणजे पिंटोत, कमी घिसाडघाई झालेली नाही. मागून धडक बसली की टाकी फुटून गाडी पेट घेते, हे कंपनीला माहीत होते, पण एका माणसाच्या जिवाची किंमत दोन लाख डॉलर धरून तिने सुधारणा टाळली, असे सांगितले जाते, आणि पुरावा म्हणून एक अंतर्गत टिपण दाखवले जाते. ते टिपण खरे आहे, पण ते पिंटोबद्दल आणि मागच्या धडकेबद्दल नव्हते. गाडी उलटल्यावर होणाऱ्या इंधनगळतीविषयी, देशातल्या सगळ्याच मोटारींसाठी प्रस्तावित असलेल्या नियमावर ते सरकारी सुरक्षा यंत्रणेसाठी लिहिलेले होते, आणि दोन लाखांचा आकडा त्या यंत्रणेच्याच हिशेबातून घेतला होता. इंडियानातल्या फौजदारी खटल्यात १९८० मध्ये कंपनी निर्दोष सुटली हेही सहसा सांगितले जात नाही. चुकीचा पुरावा योग्य निष्कर्षाचेही नुकसान करतो, म्हणून हे लिहिणे मला आवश्यक वाटले. निष्कर्ष तरीही उरतोच. टाकी मागच्या ॲक्सलच्या मागे होती, कंपनीच्या स्वतःच्या धडक-चाचण्यांत ती फुटली होती, स्वस्त उपाय उपलब्ध होते, आणि कॅलिफोर्नियातल्या ग्रिमशॉ खटल्यात १९७८ मध्ये ज्यूरीने १२ कोटी ५० लाख डॉलरचा दंड ठोठावला. न्यायाधीशांनी तो ३५ लाखांवर आणला. त्याच वर्षी सुमारे पंधरा लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या गेल्या. चाचणीचे निकाल वर पोहोचले होते, पण गाडी थोपवण्याची ताकद ते निकाल पाहणाऱ्याच्या हाती नव्हती. ती ताकद बाहेरून, पत्रकार, ज्यूरी आणि नियामक यांच्याकडून, माणसे जळाल्यानंतर आली.

राहिला २००९ चा अभिमान. जनरल मोटर्स आणि क्रायस्लर दिवाळखोरीत गेल्या, फोर्डने सरकारपुढे हात पसरले नाहीत, असे म्हटले जाते. पूर्ण सत्य थोडे गुंतागुंतीचे आहे: फोर्डने गरज पडल्यास मिळावी म्हणून नऊ अब्ज डॉलरची पतमर्यादा मागितली होती, ती वापरली नाही, प्रतिस्पर्ध्यांना मदत द्यावी म्हणून साक्ष दिली, कारण सुटे भाग पुरवणारे कारखाने सामाईक होते, आणि त्याच वर्षी इंधनबचतीच्या तंत्रासाठी सरकारकडून ५.९ अब्ज डॉलरचे कर्ज मिळवले. तरीही कंपनी तगली ते २००६ मध्ये निळ्या लंबगोल चिन्हासकट सगळे गहाण ठेवून उभारलेल्या २३ अब्जांहून अधिक पैशांवर, आणि ते श्रेय नाकारण्याचे कारण नाही. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती त्या वर्षीची दुसरी घटना. संस्थापकाचा पणतू बिल फोर्ड याने स्वतःहून मुख्याधिकारीपद सोडले आणि विमान बनवणाऱ्या बोइंगमधून ॲलन मुलाली यांना आणले. दर आठवड्याच्या बैठकीत अधिकाऱ्यांनी आपापल्या कामाची स्थिती हिरव्या, पिवळ्या किंवा लाल रंगात दाखवायची होती. कंपनी अब्जावधी डॉलर गमावत असताना सगळे तक्ते हिरवे येत राहिले, कारण लाल दाखवणाऱ्याचे काय होते हे त्या इमारतीत सर्वांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. मग मार्क फील्ड्स या अधिकाऱ्याने एका नव्या गाडीचे काम अडले आहे म्हणून पहिला लाल तक्ता दाखवला. खोलीत शांतता पसरली, आणि मुलाली यांनी टाळ्या वाजवल्या. कँझलरच्या टिपणानंतर ऐंशी वर्षांनी त्या कंपनीत वाईट बातमी सांगणाऱ्याची नोकरी राहिली. पुढे तोच फील्ड्स मुख्याधिकारी झाला.

भारतात फोर्डची चर्चा अजूनही गाडीच्या दणकटपणाभोवती आणि ९ सप्टेंबर २०२१ ला इथले उत्पादन थांबवण्याची घोषणा करून कंपनीने घेतलेल्या निरोपाभोवती फिरते. इकोस्पोर्ट किती भक्कम होती, सुट्या भागांचे काय होणार, दोन अब्ज डॉलर तोट्यात कंपनीने थांबावे तरी किती, हे सगळे प्रश्न रास्त आहेत. पण चेन्नईजवळच्या मरैमलै नगरमध्ये २०२२ च्या उन्हाळ्यात कामगार शेवटच्या गाड्या जोडायचे सोडून आंदोलनाला बसले होते, आणि त्यांना देऊ केलेली भरपाई त्यानंतर वाढली, हे आपल्यापैकी कितीजणांना आठवते? सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने तोच कारखाना निर्यातीसाठी पुन्हा सुरू करण्याचा इरादा तमिळनाडू सरकारला कळवला, तेव्हाही बातम्यांत पहिला प्रश्न कोणती गाडी येणार हाच होता. त्या कारखान्यात कामाचे तास किती असतील, संघटनेला मान्यता असेल का, आणि साखळीपाशी उभ्या असलेल्या माणसाने लाल तक्ता दाखवला तर तो कोण पाहील, हे विचारण्याची वेळ उत्पादन सुरू होण्याआधीची आहे.